गालावरच्या रेघा

भंगारवाला संध्याकाळी यायचा होता, आणि तो यायच्या आत ताईनं कागदावर सही करायची होती. सकाळी आल्या आल्या तिनं थोरल्याला 'बरं' म्हणून टाकलं होतं. प्रसूतिगृहातली रात्रपाळी करून, तोंडावर पाणी मारून तशीच गाडीत बसून आलेली बाई दुसरं काय म्हणणार? डोळ्यांवर झोप दाटली होती, आणि थोरल्याचं बोलणं तिला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. पण थोरला पडला व्यापारी माणूस. त्यानं ते 'बरं' तिथल्या तिथे पदरात पाडून घेतलं.

कागद साधाच होता. वडिलांनी गोदाम आणि धंदा तिघा भावंडांच्या नावावर ठेवला होता, आणि दोघं म्हणतील ते तिसऱ्यानं ऐकायचं, असं जाताना सांगून ठेवलं होतं. आता थोरल्याला धाकट्याचं नाव धंद्यातून काढायचं होतं. एकीकडे थोरला, दुसरीकडे धाकटा आणि मध्ये ताई. लहानपणी तिघं एका पांघरुणात झोपायची तेव्हाही हीच रचना असे. पांघरूण ते दोघं ओढायचे आणि थंडी हिला वाजायची. एवढी वर्षं गेली, पण हिची जागा काही बदलली नाही.

धाकट्यानं केलं काय होतं, ते एव्हाना गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनाही कळलं होतं. झाडाचा चीक वाळवून, त्याला धुरी देऊन रबराचे ताव करतात. चपलेच्या तळाएवढे जाड, मधाच्या रंगाचे, अंगावर रेघारेघा उठलेले. असे ताव घ्यायचे, कारखान्यांना लागतील तोवर सांभाळायचे आणि मग पुढे धाडायचे, यावर या घराच्या तीन पिढ्या जेवल्या. आणि सांभाळणं म्हणजे नुसतं कोंडून ठेवणं नव्हे. ऊन लागलं की रबर चिकट होतं, ओल लागली की बुरशी धरतं, तांब्या-पितळेची संगत झाली की आतून नासत जातं. म्हणून आत्यानं तरुणपणी शिडीवर चढून गोदामाच्या सगळ्या काचा पिवळ्या रंगवल्या होत्या. धाकट्याची बायको लग्न होऊन नवीनच आली तेव्हा हौसेनं गोदाम बघायला निघाली, तर आत्यानं दारातच कात्रीनं तिच्या अंगातल्या कोटाची पितळी बटणं उतरवून घेतली. ती अजून परत दिलेली नाहीत.

या सगळ्याचं सार वडिलांनी तीन शब्दांत सांगून ठेवलं होतं: थंड, कोरडं, अंधारात. मुलांना पाढे पाठ व्हायच्या आधी हे पाठ झालं. गेल्या पावसाळ्यात गोदामाचं छप्पर एका कोपऱ्यात गळलं, गठ्ठ्यांवर बुरशी आली आणि थोरल्यानं चारचौघांत धाकट्याला सोलून काढलं. वडिलांचे तीन शब्दही धड जमत नाहीत तुला, म्हणाला. धाकट्यानं ते इतकं मनाला लावून घेतलं की नवा माल आला तो थेट शेजारच्या फळवाल्याच्या शीतगृहात नेऊन ठेवला. तिथे अंधार होता, कोरडं होतं, आणि थंडीचं तर विचारूच नका. जे सफरचंदाला मानवतं ते रबराला का मानवू नये, असा त्याचा साधा हिशेब. या घरात कोणी रबराला कधी खऱ्या थंडीत ठेवलंच नव्हतं, त्यामुळे त्याला अडवणार तरी कोण?

हंगामभर माल तिथे राहिला आणि परवा तिथून निघून परस्पर कारखान्यात गेला. कारखान्यानं गाडी तशीच परत पाठवली, ती आज पहाटे येऊन पोचली. मधाच्या रंगाचे ताव पांढुरके, दुधाळ झाले होते आणि फळीसारखे ताठ. यंत्राच्या रुळांत घालायचे म्हटलं तर रूळच मोडायचे. थोरल्यानं त्यातला एक ताव ताईसमोर फरशीवर आपटला. तो वाजला. रबर वाजतं, हे ताईनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"मेलं ते," थोरला म्हणाला. "बाबांनी हे बघितलं असतं तर?"

आत्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. तिला कमी ऐकू येतं, पण आपल्या सोयीचं सगळं येतं. ती सकाळपासून थोरल्याच्या बाजूनं होती, कारण दुपारचं जेवण थोरल्याकडे होतं. तिनं त्या तावाकडे बघितलं आणि असलं पांढरं थोबाड आपण या गोदामात एवढी वर्षं काढूनही पाहिलं नाही, असं सांगून टाकलं. मग सहीचा कागद उचलून ती त्यानं वारा घेऊ लागली.

जेवण झालं. थोरल्यानं पेन पुढे केलं. ताई म्हणाली, सही कुठे पळून जात नाही, मला एकदा गोदाम बघून येऊ दे. थोरल्याला ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारण सापडेना. गोदामाची किल्ली त्यानं कालच धाकट्याकडून काढून घेतली होती. दार मात्र उघडंच होतं, कारण भिजलेला माल पुसायला कोणीतरी लागत होतं, आणि ते काम थोरल्यानं मोठ्या मनानं धाकट्यालाच ठेवलं होतं.

ताई आत शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. बाहेर नुसती दुपार होती, आत मात्र वेळ कुठली आहे ते कळत नव्हतं. पिवळ्या काचांतून उतरलेला उजेड जमिनीपर्यंत पोचता पोचता दमून जात होता. धुरीचा तो जुना, गोडसर वास भिंतींतून, तुळयांतून झिरपत होता. या वासात तिचं अर्धं बालपण झोपेत गेलं होतं. आई गेल्यावर वडील तिघांनाही गोदामात घेऊन यायचे, आणि मऊ, ऊबदार गठ्ठ्यांवर तिघं दुपारभर लोळत पडायची. तिला आत्ताही वाटलं, इथे कोणी मोठ्यानं बोलू नये.

धाकटा मधोमध रचलेल्या ताठ तावांमध्ये उकिडवा बसून फडक्यानं एकेक पुसत होता. गारेगार माल गोदामाच्या हवेत आणल्यावर त्याला घाम फुटला होता. पुसला की पुन्हा थेंब धरत. भंगारात जायचा माल पुसतोस कशाला, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, ओला देऊ कसा. बाबांनी भंगार तरी कधी ओलं दिलं होतं का?

तो किती वाळला होता ते तिला तेव्हा दिसलं. ती त्याच्याजवळ बसली. त्याच्या बायकोनं खोकी बांधून दाराशी लावली आहेत, उद्या तिच्या भावाच्या गावी जायचं, तिथे एका छापखान्यात काम मिळतंय, हे सगळं त्यानं तावाकडे बघतच सांगितलं. कोणाबद्दल वाकडं बोलला नाही. ताईला ते जास्तच लागलं. भांडला असता तर सही करायला सोपं गेलं असतं.

"जायचंय का तुला?" तिनं विचारलं.

"छपाईला धुरीचा वास नसतो, ताई," तो म्हणाला. एवढंच. मग फडकं पिळायला मागच्या नळावर निघून गेला.

ताई एकटी राहिली. समोरच्या ढिगावरच्या तावाला तिनं सवयीनं गाल लावला. ही या घराची रीत. हाताला काम करून करून घट्टे पडतात आणि ओल कळेनाशी होते. गालाला मात्र कळते. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी चालवलं, आणि बाहेरचा कोणी पाहील म्हणून थोरला हल्ली लाजतो. ताव दगडासारखा गार लागला. ओल नव्हती. धाकट्यानं तो नीट पुसला होता, ताईचं मन भरून आलं, आणि गाल उचलायचं राहूनच गेलं.

झोप कधी लागली ते तिला समजलं नाही. कदाचित ती झोप नव्हतीच. उजेड पिवळाच होता, वास तोच होता, फक्त वडील गठ्ठ्यांच्या रांगांमधून चालत होते. त्यांच्या पायांचा आवाज येत नव्हता. ते प्रत्येक ढिगाशी थांबत, वाकून गाल लावत आणि डोळे मिटून काहीतरी ऐकल्यासारखं करत. मग ते तिच्यापाशी आले आणि रात्री जेवताना विचारायचे तेच त्यांनी विचारलं: आज गोदामात कोण झोपलं होतं? वडिलांचा हा रोजचा खेळ होता. त्यांना सगळं ठाऊक असे, कारण झोपणाऱ्याच्या गालावर तावाच्या रेघा उठत. तरी ते विचारत, आणि थोरला क्षणाचा विलंब न लावता बोट दाखवी: हा, धाकटा. ताईही मान डोलवी. धाकट्याला धड बोलताही येत नव्हतं. आणि दाखवणाऱ्याच्या स्वतःच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत रेघा. वडील हसत हसत धाकट्यालाच मांडीवर घेत. स्वप्नात मात्र ते हसले नाहीत. तिच्या उत्तराची वाट बघत उभे राहिले, आणि तिला काही केल्या तोंड उघडता येईना.

ती जागी झाली तेव्हा तिचा गाल कशात तरी रुतला होता. ती उठून बसली. तावावर, जिथे तिचं तोंड होतं तिथे, तळहाताएवढा मधाच्या रंगाचा डाग होता. भोवती सगळं दुधाळ, मध्ये तो स्वच्छ तुकडा. तिनं बोटानं दाबला. बोट आत गेलं, उचललं तशी जागा वर आली. तिनं खाली बघितलं. जिथे तिचा दंड टेकला होता तिथेही तसाच लांबट डाग. ताव उचलून तिनं काचेसमोर धरला, तर त्या डागांमधून उजेड आरपार आला, बाकी ताव मख्ख.

ती ओरडली नाही. प्रसूतिगृहात तिनं कितीतरी गार पडलेली बाळं अंगाशी धरून ऊब देत रंगावर येताना पाहिली होती, आणि त्या वेळी आवाज करायचा नसतो हे तिच्या हाडीमाशी भिनलं होतं. ती तशीच दाराशी गेली आणि बाहेर असलेल्या धाकट्याला सगळ्यांना बोलवायला सांगितलं.

सगळे आले. थोरला पेन घेऊनच आला. धाकटा ओलं फडकं घेऊन मागे उभा राहिला, त्याची बायको दाराबाहेरच, बटण नसलेल्या कोटात हात खुपसून. आत्याला खुर्चीसकट आणावं लागलं. ताईनं डाग दाखवला. थोरल्यानं चष्मा वर केला, खाली केला आणि निकाल दिला की ही सडण्याची सुरुवात आहे. सडलेलं मऊच पडतं.

"सडलेलं ओढून बघ," ताई म्हणाली.

त्यानं तो मऊ भाग चिमटीत धरून ओढला. तो लांबला आणि सुटल्यावर फाटकन त्याच्या बोटांवर बसला. आत्याला तो आवाज बरोबर ऐकू आला. ती खुर्चीतून पुढे झुकली आणि म्हणाली, हे मेलेलं नाही रे, हे गारठून झोपलंय. जेवण होऊन गेलेलं असल्यामुळे तिला आता थोरल्याच्या बाजूनं राहायची काही निकड उरली नव्हती.

थोरला माणूस हुशार. त्यानं लगेच माल अंगणात उन्हात पसरायचा हुकूम सोडला. आत्यानं कपाळावर हात मारला. उन्हात तापवलंस तर वरून चिकट होईल आणि आत तसंच राहील, म्हणाली. निजलेल्याला उठवायचं तर पांघरुणात हात घालून उठवतात, डोक्यावर उकळतं पाणी ओतत नाहीत. दारं लावा, कोपऱ्यातली शेगडी पेटवा, हवा उबदार होऊ द्या, आणि जमेल तितकं अंगाच्या उबेनं. मग तिनं धाकट्याच्या बायकोला आत यायला सांगितलं. ती म्हणाली, माझी खोकी बांधायची राहिलीत. आत्या म्हणाली, खोकी बांधलीस ती मला माहीत आहे, ये, बस.

अशी ती सगळी बसली. कोणी तावावर, कोणी ताव मांडीवर घेऊन. धाकट्यानं एक छातीशी धरला. थोडा वेळ कोणी कोणाकडे बघेना. मग आत्या म्हणाली की अंडी उबवायला बसलेल्या कोंबड्या आपल्यापेक्षा शहाण्या दिसतात, आणि धाकट्याच्या बायकोला हसू फुटलं ते तिनं कोटाच्या कॉलरमध्ये दडवलं. शेगडीची ऊब हळूहळू पसरली. धुरीचा वास जागा झाला. काचांचा पिवळा रंग गडद होत गेला.

थोरला तेवढा उभा होता.

"समजा माल वाचला," तो म्हणाला. आवाज खाली होता, पण कोरडा. "म्हणून चूक मिटते? उद्या हा दुसरं काहीतरी करेल. ताई, तू बरं म्हणाली होतीस."

ताईला माहीत होतं, हे यायचंच होतं. माल वाचल्यावर माफ करणं फार स्वस्त होतं, आणि थोरल्याला स्वस्त काही चालत नसे. तिनं मांडीवरच्या तावावरून हात फिरवला.

"म्हणाले होते. झोपेत होते मी," ती म्हणाली. "आता जागी आहे. हा ढीग भंगारात गेला तरी मी सही करणार नाही, दादा. त्यानं काय केलं? थंड ठेवलं. कोरडं ठेवलं. अंधारात ठेवलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. किती थंड ते तू त्याला सांगितलंस? मी सांगितलं? तुला तरी ठाऊक होतं?"

थोरल्याला ठाऊक नव्हतं. वडिलांचं थंड म्हणजे भिंतीच्या सावलीचं थंड. ते कोणी शब्दात सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा दुसरं थंड कुठे विकत मिळत होतं? त्याला ताईचा राग आला, आणि त्याखाली, ताईला दिसलं, भीती होती. वडील गेल्यापासून या गोदामाचं काही बिघडलं तर ते आपल्या हातून बिघडलं, असं म्हणतील म्हणून तो झोपायचाच नाही. त्याची बायको सांगायची की दुपारी डोळा मिटायलाही तो तयार नसे. ताईनं बाजूला सरकून ढिगावर जागा केली. मध्ये नव्हे, ती आता टोकाला बसली आणि मधली जागा त्याला दिली.

तो बसला, म्हणजे टेकला. घड्याळ बघितलं. मग ओल गेली का ते बघायचं निमित्त करून त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि तावाला गाल लावला. तो बराच वेळ तसाच राहिला. ताईनं वाकून बघितलं, तर त्याचा श्वास खोल चालला होता आणि हातातलं पेन सुटून खाली पडलं होतं. धाकट्यानं उठून आवाज न करता शेगडी थोडी जवळ सरकवली. त्या पिवळ्या, धुरकट उजेडात थोरल्याच्या तोंडाखालचा ताव कडेनं उजळत गेला, आणि ताईला वाटलं की वडील अजून रांगांमधून फिरताहेत, फक्त या वेळी त्यांना उत्तराची घाई नाही.

दारावर थाप पडली. भंगारवाला आला होता, हातगाडी आणि काटा घेऊन. थोरला दचकून उठला, सदरा ओढला, केस बसवले आणि आपल्या नेहमीच्या ऐटीत दार उघडून बाहेर गेला. आज काही द्यायचं नाही, असं त्यानं भारदस्त आवाजात सांगितलं. भंगारवाल्याचं बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तो थोरल्याच्या गालाकडे टक लावून बघत होता. कानापासून हनुवटीपर्यंत रेघाच रेघा, मोजून ओळीनं. बरं साहेब, असं म्हणून त्यानं गाडी वळवली, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत तो वळून वळून बघत राहिला.

थोरला आत आला तो सगळे आपल्या तोंडाकडे का बघताहेत हे न कळून उंबऱ्यात उभा राहिला. धाकट्याची बायको भिंतीकडे तोंड करून हसत होती. आत्यानं सहीचा कागद तोंडासमोर धरला होता. धाकटा तेवढा हसत नव्हता. तो छातीशी धरलेला ताव खाली ठेवून थोरल्यासमोर येऊन उभा राहिला.

"दादा," त्यानं विचारलं, "आज गोदामात कोण झोपलं होतं?"

थोरल्याचा हात गालाकडे गेला. बोटांना रेघा लागल्या. जुन्या सवयीनं त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट धाकट्याकडे उठलं, ताईनं ते उठताना पाहिलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं.

"मी," थोरला म्हणाला. "मीच झोपलो होतो रे. नेहमी मीच."

मग त्यानं खिशातून किल्ली काढली. बराच वेळ हातात धरली. आणि शेगडी रात्रभर लागेल, कोणीतरी इथे थांबायला हवं, असं काहीतरी पुटपुटत ती धाकट्याच्या ओल्या हातात ठेवली. धाकट्यानं ती आधी फडक्यानं कोरडी केली आणि मग मुठीत धरली.